स्टोरेजवर ‘कॅश बॅकअप फेल’ आलं तर : काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

एप्रिल-मे महिन्यात वळीव सुरू झाला की बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीपासून निपाणी-चिक्कोडीच्या पतसंस्थांपर्यंत सगळीकडून एकाच तऱ्हेचे फोन येतात. “सर, करंट जाऊन आलाय. आता स्टोरेजवर पिवळा दिवा लागलाय, कॅश बॅकअप फेल म्हणतंय. बंद करून चालू करू काय?”

नको. या एका इशाऱ्यावर बंद-चालू हा उपाय नाही. उलट ज्या डेटाला धोका आहे, तोच त्यात जाऊ शकतो. का, ते समजायला आत काय चालतं ते आधी पाहू.

सर्व्हरकडून आलेला डेटा स्टोरेज (अनेक डिस्क एकत्र ठेवणारी पेटी) लगेच डिस्कवर लिहीत नाही. तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर तो आधी स्वतःच्या रॅममध्ये घेतो. हाच तो कॅश, रोख रकमेशी त्याचा संबंध नाही. दोन कंट्रोलर असतील तर जोडीदाराच्या रॅममध्येही प्रत ठेवतो आणि सर्व्हरला ‘लिहून झालं’ असं कळवतो. डिस्कवर प्रत्यक्ष लिहिणं नंतर होतं. ही राईट-बॅक पद्धत. पतसंस्थेच्या काउंटरवर पावती छापून झाली, खातेदार जिना उतरून गेला, तरी त्या व्यवहाराचा काही भाग अजून रॅममध्येच असू शकतो. वीज गेली की रॅम पुसली जाते, म्हणून तिच्या पाठीशी बॅकअपची सोय असते. जुन्या कंट्रोलरमध्ये लिथियम बॅटरी रॅमला दोन-तीन दिवस जिवंत ठेवायची. आताच्या बहुतेक स्टोरेजमध्ये सुपर कपॅसिटर (थोडा वेळ वीज साठवणारा भाग) असतो. तो रॅमला मिनिटभरच तगवतो, पण तेवढ्यात कंट्रोलर रॅममधलं सगळं एका फ्लॅश कार्डवर किंवा छोट्या एसएसडीवर उतरवतो. वीज आली की ते परत रॅममध्ये येतं आणि तिथून डिस्कवर जातं.

म्हणजे कॅश बॅकअप ही एकट्या बॅटरीची गोष्ट नाही. वीज गेल्याचं कंट्रोलरला वेळेत कळणं, कपॅसिटरमध्ये पुरेसा चार्ज असणं, रॅम धड असणं, फ्लॅशवर लिहून होणं, वीज आल्यावर ते वाचता येणं आणि वाचलेलं ज्या डिस्कवर लिहायचं ती डिस्क जागेवर असणं, एवढ्या सगळ्या कड्या त्यात आहेत. इशारा मात्र बऱ्याचदा एकाच वाक्याचा येतो आणि ते वाक्य वाचून लोक थेट बॅटरीची ऑर्डर देतात. माझा आग्रह असा, की बॅटरीकडे नंतर बघा. सर्व्हरला ‘लिहिलं’ म्हणून सांगितलेला, पण डिस्कवर न गेलेला डेटा या क्षणी कुठे आहे, हे आधी शोधा. बाकी सगळा क्रम त्या उत्तरावर ठरतो.

सुरुवातीचा अर्धा तास

कोणतंही बटन दाबण्याआधी स्क्रीनवरचे सगळे संदेश आणि कंट्रोलरवरचे दिवे मोबाईलवर टिपून घ्या. कोणता दिवा लुकलुकतोय आणि कोणता स्थिर आहे, तेही. फ्लॅशवर उतरवणं चालू आहे हे काही स्टोरेज लुकलुकत्या कॅश दिव्यानं सांगतात. तो लुकलुकत असताना कंट्रोलर बाहेर ओढणं म्हणजे हातानं डेटा फेकणं.

स्टोरेज चालू असेल आणि व्हॉल्यूम (सर्व्हरला दिसणारे स्टोरेजचे कप्पे) दिसत असतील, तर सर्व्हरवरचं लिखाण कमी करा. रात्रीचं व्याज आकारणीचं काम, मोठे रिपोर्ट, इंडेक्स बांधणी थांबवा. त्याच वेळी डेटाबेसचा बॅकअप दुसऱ्या जागेवर घ्यायला लावा, याच स्टोरेजच्या दुसऱ्या व्हॉल्यूमवर नको. पण आदल्या दिवशीच्या चांगल्या बॅकअपवर आजचा बॅकअप चढवू नका. आजच्या डेटात गडबड आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही, म्हणून तो वेगळ्या नावानं ठेवा.

मग स्टोरेजचा पूर्ण लॉग उतरवून घ्या. बहुतेक कंपन्यांच्या स्टोरेजमध्ये ‘सपोर्ट बंडल’ किंवा ‘सेव्ह लॉग’ अशी सोय असते. हे लगेच करायचं, कारण काही कंट्रोलरमध्ये लॉगची जागा मर्यादित असते आणि पुढच्या तासाभरात येणारे नवे इशारे जुन्या, कामाच्या ओळी पुसून टाकतात.

या काळात स्टोरेज एकदम संथ झालेलं असेल. बॅकअपची खात्री नाही म्हटल्यावर कंट्रोलर आपणहून राईट-थ्रू पद्धतीवर जातो, म्हणजे प्रत्येक लिखाण डिस्कवर पोचल्यावरच ‘झालं’ म्हणतो. काउंटरवरचा क्लार्क वैतागतो, मॅनेजर फोन करतात. त्यांना सांगा, हा संथपणा तुमच्या हिशेबाचं रक्षण करतोय. सेटिंगमध्ये ‘ऑलवेज राईट-बॅक’ किंवा त्या अर्थाचा एक पर्याय असतो. तो चालू केला की वेग तत्काळ परत येतो आणि सगळे खूश होतात. तो पर्याय चालू करू नका. बॅटरी नसतानाही रॅमवर विसंबून राहा, असा त्याचा अर्थ आहे आणि वळिवाच्या दिवसांत पुढचा झटका कधी बसेल याचा नेम नाही. एखाद्या जुन्या ठिकाणी तो आधीच चालू असेल, तर आधी तो बंद करा.

लॉग वाचताना

लॉग शेवटाकडून वाचू नका. वीज गेली त्या क्षणापासून पुढे वाचा. इथं एक अडचण नेहमी येते. अनेक कंट्रोलर वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहितात आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे असतं. दुपारी ३ वाजून १० मिनिटांनी हेस्कॉमची (इथल्या वीज कंपनीची) लाईन गेली असेल, तर लॉगमध्ये ते ९ वाजून ४० मिनिटांवर शोधायला हवं. त्यातून कंट्रोलरचं घड्याळ कधी लावलेलंच नसेल, तर आत्ता त्यात किती वाजलेत ते बघून फरक कागदावर मांडा. यूपीएसचा लॉगही काढा. बऱ्याच प्रकरणांचा उलगडा दोन्ही लॉग शेजारी ठेवल्यावर होतो.

वीज गेल्याची नोंद, फ्लॅशवर लिहिणं सुरू झाल्याची नोंद, पूर्ण झाल्याची नोंद, मग वीज आल्यावर परत वाचल्याची नोंद, असा क्रम दिसायला हवा. तो कुठे तुटतो ते पाहा.

वीज गेल्याची नोंदच नसेल आणि इशारा शांत वेळेत, पहाटे वगैरे आला असेल, तर बहुधा डेटाला काहीच झालेलं नाही. कंट्रोलरनं नेहमीच्या चाचणीत बॅटरी किंवा कपॅसिटर कमजोर ठरवलाय. जुन्या लिथियम बॅटरीच्या कंट्रोलरमध्ये तर साधारण महिन्यातून एकदा ‘लर्न सायकल’ चालतं, म्हणजे बॅटरी मुद्दाम उतरवून पुन्हा भरून तिची ताकद मोजली जाते. काही मॉडेलमध्ये त्या काही तासांत राईट-बॅक बंद होतं आणि लोक घाबरतात. लॉगमध्ये लर्न सायकल सुरू झाल्याची ओळ असेल तर ते पूर्ण होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी स्थिती बघा. मात्र दुसऱ्या दिवशीही इशारा असेल तर बॅटरी खरोखर गेली.

लिहिणं सुरू झालं पण पूर्ण झाल्याची नोंद नाही, हा सगळ्यात वाईट प्रकार. तिथं रॅममधला काही डेटा गेला असं धरूनच चालायचं. त्याबद्दल पुढे.

लिहून झालं, पण वीज आल्यावर वाचता आलं नाही किंवा वाचलेलं डिस्कवर टाकता आलं नाही, हा तिसरा प्रकार. इथं डेटा अजून वाचवता येतो, म्हणून घाई सर्वांत महाग इथेच पडते.

अडकलेला कॅश

फ्लॅशवरून डेटा परत आला, पण ज्या डिस्कवर तो लिहायचा ती दिसत नाही, तर कंट्रोलर तो डेटा धरून ठेवतो. वेगवेगळ्या कंपन्या त्याला प्रिझर्व्ड कॅश, पिन्ड कॅश, अनरायटेबल कॅश म्हणतात. मेगारेड कंट्रोलर असेल तर स्टोअरसीएलआय या टूलमध्ये त्याची यादी बघायची आज्ञा आहे. एचपीई कंपनीच्या एमएसए स्टोरेजमध्ये ‘शो अनरायटेबल-कॅश’ या आज्ञेनं प्रत्येक कंट्रोलरमध्ये किती टक्के असा डेटा अडकलाय ते कळतं. याच आज्ञांच्या शेजारी ‘डिलीट’ किंवा ‘क्लिअर’ची आज्ञा असते. तिला अजून हात लावू नका.

आमच्या भागात याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे डिस्क शेल्फ (जादा डिस्कची जोडपेटी) उशिरा चालू होणं. मुख्य स्टोरेज एका एमसीबीवर असतं आणि नंतर जोडलेलं वाढीव शेल्फ दुसऱ्याच लाईनवर, कधी कधी तर यूपीएसच्या बाहेर. करंट येतो, कंट्रोलर आधी उठतो, शेल्फमधल्या डिस्क अजून फिरायला लागलेल्या नसतात. कंट्रोलरच्या दृष्टीनं अर्ध्या डिस्क गायब, मग तो व्हॉल्यूम ऑफलाईन करतो आणि त्याचा डेटा धरून बसतो.

इलाज असा. सर्व्हर बंद ठेवा. शेल्फची वीज आणि केबल तपासा आणि सगळ्या डिस्कचे दिवे स्थिर हिरवे होईपर्यंत थांबा. त्यानंतर कंट्रोलरला डिस्क पुन्हा शोधायला लावा. कॅश अजून अडकलेलाच असेल आणि कंपनीच्या पुस्तिकेत त्यासाठी कंट्रोलर रीस्टार्ट करायला सांगितलं असेल, तर पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीनं करा, वीज खेचून नाही. डिस्क परत दिसल्या की बहुतेक वेळा कंट्रोलर स्वतःच अडकलेला डेटा लिहून टाकतो आणि इशारा जातो. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या जागी लावून बघणं, नव्यानं रेड (डिस्कचा गट) बांधणं, ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ (कंट्रोलरला परकी वाटणारी, डिस्कवरची रचनेची नोंद) ‘क्लिअर’ करणं, यातलं काही करू नका. फॉरेन कॉन्फिगरेशन दिसत असेल तर ‘इम्पोर्ट’चा पर्याय वेगळा असतो. तोही कंपनीच्या इंजिनीअरला लाईनवर घेऊनच वापरा.

डिस्क खरोखर मेलेल्या असतील आणि तो व्हॉल्यूम परत येणारच नसेल, तरच अडकलेला कॅश पुसायचा. त्याआधी कोणत्या व्हॉल्यूमचा आहे ते लिहून ठेवायचं आणि संस्थेच्या जबाबदार माणसाला, शक्यतो लेखी, सांगायचं.

कपॅसिटर की फ्लॅश?

वीज गेली आणि बॅकअप अर्धवट राहिला, तर बोट कपॅसिटरकडे जातं. पण थोडा हिशेब करून बघा. समजा रॅम ४ जीबी आहे, म्हणजे ४०९६ एमबी. फ्लॅशवर सेकंदाला १०० एमबी लिहिलं जातं, तर सगळं उतरवायला ४१ सेकंद लागतील. नवा कपॅसिटर ६० सेकंद पुरतो असं धरू. १९ सेकंद हातात राहिले, आरामात काम झालं.

आता काही वर्षं गेली. कपॅसिटरची धारकता ३० टक्क्यांनी उतरली, तर त्याच व्होल्टेजला साठणारी ऊर्जाही ३० टक्क्यांनी उतरते. ६० सेकंदांचे ४२ झाले. लागतात ४१. अजूनही चाचणीत कदाचित पास होईल. तेवढ्यात फ्लॅश कार्डही म्हातारं झालं, त्यातले काही ब्लॉक खराब झाले आणि वेग ८० एमबीवर आला. आता ५१ सेकंद हवेत आणि आहेत ४२. दोन्ही भाग आपापल्या परीनं बरे दिसतात, पण एकत्र आले की डेटा जातो. आकडे उदाहरणापुरते आहेत, प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतात. पण नवा कपॅसिटर घालूनही पुढच्या पावसात तोच इशारा येतो, तेव्हा बहुधा असंच काहीतरी असतं.

म्हणून दोन्हींची स्थिती वेगवेगळी बघा. एमएसएमध्ये ‘शो कॅश-पॅरामीटर्स’ दिल्यावर राईट-बॅकची आणि कॉम्पॅक्ट फ्लॅशची स्थिती दिसते. मेगारेडमध्ये बॅटरी आणि कॅशव्हॉल्टच्या (कपॅसिटर-फ्लॅशच्या संचाच्या) माहितीच्या आज्ञा वेगळ्या आहेत, त्यात तापमान, व्होल्टेज आणि ‘बदलणं आवश्यक’ अशी नोंद मिळते. एचपीईच्या स्मार्ट ॲरेमध्ये कॅशची स्थिती आणि बॅटरी किंवा कपॅसिटरची स्थिती या दोन निराळ्या ओळी आहेत. त्यातली एकच वाचून निर्णय घेऊ नका. लॉगमध्ये रॅमच्या ईसीसी चुका (रॅमच्या स्वतःच्या तपासणीत सापडलेल्या चुका) येत असतील, तर बॅटरीही बरी आणि फ्लॅशही बरं, मेमरीच खराब. तिथं कंट्रोलर बदलणं हाच मार्ग.

एकच कंट्रोलर इशारा देतोय की दोन्ही, हेही बघा. एकच असेल तर भाग खराब. दोन्ही एकाच वेळी बिघडले असतील, तर तापमान, वीजपुरवठा किंवा फर्मवेअरवर (कंट्रोलरच्या आतल्या सॉफ्टवेअरवर) संशय घ्या. विशिष्ट फर्मवेअरमध्ये चांगली बॅटरीही खराब दाखवली जाते अशा नोंदी कंपन्यांच्या सुधारणा-पत्रकात असतात, ते पत्रक वाचा. पण अडकलेला किंवा न लिहिलेला कॅश शिल्लक असताना फर्मवेअर चढवू नका.

आणखी एक प्रकार आपल्याकडे फार होतो. खानापूरच्या बाजूला रानातून आलेल्या लाईनवर फांदी टेकते, सबस्टेशनमध्ये ब्रेकर पडतो, परत जोडला जातो, परत पडतो. दोन मिनिटांत तीनदा करंट जातो. पहिल्या वेळी कपॅसिटर रिकामा झाला आणि तो पूर्ण भरण्याआधी दुसरा झटका बसला. सुपर कपॅसिटर काही मिनिटांत भरतो, लिथियम बॅटरीला कित्येक तास लागतात. चांगला कंट्रोलर चार्ज पुरेसा होईपर्यंत राईट-थ्रूवरच राहतो, म्हणून नुकसान होत नाही. ‘ऑलवेज राईट-बॅक’ लावलेलं असेल तर होतं. असा लॉग दिसला तर भाग बदलू नका, यूपीएस का टिकला नाही ते शोधा.

भाग बदलताना

काही मॉडेलमध्ये बॅटरी किंवा कपॅसिटर वेगळा निघतो, काहींत अख्खा कंट्रोलर बदलावा लागतो. चालू स्थितीत काढता येतो की बंद करून, हे मॉडेलच्या पुस्तिकेतच बघा, दुसऱ्या मॉडेलच्या अनुभवावर जाऊ नका. दोन कंट्रोलर असतील तर काढण्याआधी सगळे व्हॉल्यूम दुसऱ्याकडे गेलेत आणि सर्व्हरला दोन्ही वाटा दिसतायत, याची खात्री करा. मल्टिपाथ (सर्व्हरला दोन्ही वाटा वापरू देणारी सोय) नीट नसेल, तर एक कंट्रोलर काढताच सर्व्हर लटकतो.

फ्लॅश कार्ड ए कंट्रोलरमधून बीमध्ये घालून बघायचा मोह टाळा. त्या कार्डावर न लिहिलेला डेटा असू शकतो. मेलेल्या कंट्रोलरचं कार्ड नव्या कंट्रोलरमध्ये नेऊन डेटा वाचवता येतो अशी काही मॉडेल आहेत, पण ते काम कंपनीच्या सूचनेनुसारच करायचं.

फुगलेली लिथियम बॅटरी दाबू नका, टोचू नका आणि भंगारात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्या. लिथियम बॅटरी धोकादायक मालात मोडते, विमानानं पाठवायला निर्बंध आहेत, म्हणून सुटा भाग पुणे किंवा बंगळूरहून रस्त्यानंच येणार हे गृहीत धरून ऑर्डर द्या. बसवल्यावर लगेच राईट-बॅक दिसलं नाही तरी थांबा, आधी चार्ज होऊ द्या.

डेटा खरा आहे का?

दिवा हिरवा झाला म्हणजे डेटा बरोबर, असं नाही. बॅकअप अर्धवट राहिला असेल, तर फाइल सिस्टिमची तपासणी करा आणि तीही आधी फक्त वाचून, दुरुस्तीचा पर्याय न देता. एसक्यूएल सर्व्हर असेल तर डीबीसीसी चेकडीबी, ओरॅकल असेल तर आरमॅन या त्याच्या बॅकअप टूलमधलं व्हॅलिडेट चालवा. चुका दिसल्या तर दुरुस्तीची आज्ञा देण्याआधी त्या स्थितीची एक प्रत काढा.

त्यानंतर माणसांचं काम. पतसंस्थेत त्या दिवशीच्या छापील पावत्या आणि किर्द यांचा ताळा घ्या, विशेषतः वीज गेली त्याच्या आधीच्या काही मिनिटांतल्या पावत्यांचा. साखर कारखान्यात गळीत हंगामात उसाच्या वजनाच्या चिठ्ठ्या काट्यावर छापलेल्या असतात. त्यांचे अनुक्रमांक सिस्टिममध्ये सलग आहेत का, बघा. शेतकऱ्याच्या एका गाडीचं वजन गायब असेल तर चेकडीबीला ते कळेलच असं नाही, पण चिठ्ठीला कळतं.

खोली आणि वीज

कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. बेळगावची हवा थंड म्हणून रात्री एसी बंद करण्याची पद्धत बऱ्याच ऑफिसात आहे. बाहेर २२ अंश असले तरी बंद कपाटातल्या स्टोरेजच्या पोटात ते नसतात. गोकाक, अथणी, रायबागकडे तर उन्हाळ्यात विचारूच नका. एसी परवडत नसेल तर निदान कपाटाचं मागचं दार काढा आणि हवेची वाट मोकळी ठेवा.

फौंड्रीमध्ये वेगळा त्रास आहे. सर्व्हर रूम शॉपफ्लोअरला लागून असेल, तर लोखंडाची बारीक भुकटी पंख्यातून आत जाते. स्टोरेजच्या पुढच्या जाळीवरून बोट फिरवून बघा, काळपट, चमकदार भुकटी लागली तर समजा की आतही आहे. ती वीजवाहक असते, नुसती धूळ नव्हे. ब्लोअरनं आत फुंकू नका, वीज बंद करून बाहेर ओढून काढायला लावा. इंडक्शन भट्टीच्या लाईनवरून सर्व्हर रूमला वीज घेऊ नका.

स्टोरेजचे दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या यूपीएसवर हवेत. दोन्ही केबल एकाच एक्स्टेन्शन बोर्डात घातलेल्या मी फार ठिकाणी बघतो. न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या, २-३ व्होल्टच्या वर असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा वाळतो, त्यात पाणी घालायचं काम कुणाच्या तरी नावावर हवं. यूपीएसची बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप बंद व्हावेत असं सॉफ्टवेअर जोडा. सर्व्हर शांतपणे बंद झाले, तर कॅशमध्ये न लिहिलेला डेटा फारच थोडा राहतो.

बंद करताना आधी सर्व्हर, मग कंट्रोलर, शेवटी वाढीव शेल्फ. चालू करताना आधी शेल्फ, डिस्क फिरू लागल्या की कंट्रोलर, तो तयार झाला की सर्व्हर. हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून रॅकच्या दारावर चिकटवा, रात्रपाळीच्या वॉचमनलाही वाचता येईल असा, मराठीत आणि कन्नडमध्ये. त्याच कागदावर स्टोरेजचा सिरीयल नंबर, वॉरंटीची तारीख, कपॅसिटर किंवा बॅटरी बसवल्याचा महिना आणि कंपनीचा सपोर्ट नंबर टाका. मार्च संपण्याआधी एकदा बॅटरीची स्थिती आणि लॉग बघून घ्या, म्हणजे भाग मागवावा लागला तर तो वळिवाच्या आधी हातात येईल.